प्रवाळ मत्स्यालयातील जलाभिसरण पंप

प्रवाळ मत्स्यालयातील जलाभिसरण पंप म्हणजे घरगुती खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळांभोवतीचे पाणी सतत हलते ठेवण्यासाठी वापरले जाणारे विद्युत पंप होत. गाळणीतून किंवा खालच्या टाकीतून पाणी वर आणणारा परतीचा पंप आणि टाकीच्या आत प्रवाह निर्माण करणारे प्रवाह पंप असे त्यांचे दोन मुख्य वर्ग आहेत. दोहोंची कामे वेगळी असल्याने त्यांची निवडही वेगवेगळ्या निकषांवर केली जाते. नवशिके पालक पुष्कळदा एकाच मोठ्या परतीच्या पंपाकडून दोन्ही कामे करून घेऊ पाहतात. त्यात वीज अधिक खर्च होते आणि प्रवाळांना हवा तसा प्रवाह मिळत नाही.

प्रवाहाची आवश्यकता

प्रवाळ हा एका जागी स्थिर राहणारा प्राणी आहे. अन्न, ऑक्सिजन आणि सांगाड्यासाठी लागणारे कॅल्शियम त्याच्यापर्यंत पाण्यानेच पोहोचते. टाकाऊ द्रव्ये आणि अंगावरचा चिकट स्राव पाण्यानेच वाहून जातो. कोणत्याही पृष्ठभागालगत पाण्याचा एक अतिशय पातळ थर जवळजवळ स्थिर असतो व त्यातून पदार्थांची ये-जा केवळ विसरणाने, म्हणजे फार सावकाश होते. बाहेरचा प्रवाह वाढला की हा थर पातळ होतो आणि देवाणघेवाण वेगाने होऊ लागते.

प्रवाळाच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले दिवसा प्रकाशसंश्लेषण करून ऑक्सिजन बाहेर टाकतात. हा ऑक्सिजन वेळेवर निघून गेला नाही तर तो प्रकाशसंश्लेषणाच्याच आड येतो. प्रवाहामुळे ऑक्सिजन बाहेर पडण्याचा वेग वाढतो आणि त्यामुळे प्रकाशसंश्लेषण सुधारते, हे ताली मास व सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिले. उष्णतेच्या ताणातही प्रवाहाचे महत्त्व दिसते. १९९८ च्या विरंजनानंतर नाकामुरा व व्हॅन वोसिक यांनी ओकिनावा येथील प्रवाळांवर केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत वेगवान पाण्यातील प्रवाळ तापमानवाढीत तगले, तर मंद पाण्यातील मोठ्या प्रमाणावर मेले. त्यामुळे प्रखर दिव्यांवर मोठा खर्च करून पंपांत काटकसर करणे ही उलटी काटकसर ठरते.

पाण्याच्या पृष्ठभागावर निर्माण होणारी खळबळ हाही प्रवाहाचाच भाग आहे. तीमुळे ऑक्सिजन आत येतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पाण्याचा सामू फार खाली जात नाही. रात्री शैवाले ऑक्सिजन निर्माण करीत नाहीत, मात्र टाकीतील सर्व जीव तो वापरतच असतात. म्हणून रात्री पंप बंद ठेवण्याची पद्धत घातक आहे.

विकास

इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये वर्णन केलेल्या ‘नैसर्गिक पद्धती’त जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच पाणी हलते ठेवले जाई. पुढे लहान तोंडाचे, केंद्रोत्सारी इंपेलरचे पॉवरहेड प्रचारात आले. त्यांचा झोत अरुंद व जोरकस असे. समोरच्या प्रवाळाची ऊती सोलून निघे आणि हातभर अंतरावरचे पाणी मात्र निवांत राही. लाटेसारखी उसळी निर्माण करण्यासाठी होनोलुलू येथील वायकिकी मत्स्यालयाचे ब्रूस कार्लसन यांच्या नावाने ओळखले जाणारे उसळी यंत्र वापरात आले. त्यात उंचावरच्या टाकीत साठलेले पाणी सायफनने एकदम खाली सोडले जाते. परिणाम उत्तम असला तरी आवाज, बुडबुडे आणि खाऱ्या तुषारांमुळे दिवाणखान्यात ते सहसा टिकत नाही.

२००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जर्मनीतील टुंझे कंपनीच्या ‘स्ट्रीम’ पंपांनी रुंद तोंड व पंख्यासारखी पाती असलेली रचना रूढ केली. अमेरिकेतील इकोटेक मरीन कंपनीने ‘व्होरटेक’ पंपात मोटर काचेच्या बाहेर ठेवून चुंबकाद्वारे आतला पंखा फिरवला. अलीकडे लांब दंडगोल पात्यांचे, पाण्याची रुंद चादर सोडणारे पंपही मिळतात.

रुंद तोंडाचा लाभ साध्या भौतिकशास्त्राने समजतो. तेवढेच पाणी दुप्पट क्षेत्रफळाच्या तोंडातून सोडले तर झोताचा वेग निम्मा होतो आणि त्याला द्यावी लागणारी गतिज ऊर्जा चतुर्थांशावर येते. कमी विजेत अधिक पाणी हलते आणि प्रवाळावर बोचरा झोतही बसत नाही.

क्षमतेची निवड

प्रवाह मोजण्याचे रूढ माप म्हणजे उलाढाल, अर्थात टाकीतील पाण्याच्या किती पट पाणी पंप तासाभरात हलवतात. मृदू प्रवाळांसाठी १० ते २० पट, मोठ्या पॉलिपच्या कठीण प्रवाळांसाठी २० ते ३० पट आणि ॲक्रोपोरासारख्या लहान पॉलिपच्या प्रवाळांसाठी ४० पट किंवा अधिक असा ठोकताळा छंदिष्टांत प्रचलित आहे. हा केवळ ठोकताळा आहे. प्रवाळाला उलाढाल जाणवत नाही; त्याला जाणवतो तो स्वतःच्या अंगाजवळचा पाण्याचा वेग आणि त्याची दिशा. दोन टाक्यांत उलाढाल सारखी असूनही एकीत खडकामागे घाण साचते व दुसरीत साचत नाही.

उदाहरणादाखल १२० सेंमी लांब, ५० सेंमी रुंद व ५० सेंमी उंच टाकी घेतली तर तिचे घनफळ ३०० लिटर होते. वर सोडलेली मोकळी जागा, खडक व वाळू वजा जाता प्रत्यक्ष पाणी सुमारे २४० लिटर उरते. मिश्र प्रवाळांसाठी ३० पट उलाढाल धरल्यास ताशी ७,२०० लिटर प्रवाह हवा. तो एका पंपाऐवजी ताशी सुमारे ४,००० लिटरच्या दोन पंपांत वाटणे श्रेयस्कर असते. दोन्ही बाजूंनी येणारे प्रवाह मध्यभागी आदळून विस्कळीत होतात, दिशा आलटून पालटून देता येते आणि एक पंप बंद पडला तरी टाकी पूर्ण थांबत नाही.

प्रवाळांच्या स्वभावानुसार जागा ठरते. युफिलियासारख्या मांसल प्रवाळांची ऊती थेट झोतात सांगाड्याच्या धारदार कडांवर घासून फाटते. त्यांना हलकेच डोलवणारा प्रवाह मानवतो. ॲक्रोपोराच्या दाट फांद्यांच्या आतपर्यंत पाणी शिरायचे तर प्रवाह जोरकस आणि सतत बदलता असावा लागतो. तळाशी बारीक वाळू असल्यास पंप वर व किंचित वरच्या दिशेने वळवून बसवतात, अन्यथा वाळू उडून प्रवाळांवर बसते. समुद्रघोड्यांना मात्र इतका प्रवाह सोसत नाही व त्यांची टाकी वेगळीच ठेवावी लागते.

समुद्रफुले जागा बदलत सरकतात आणि पंपाच्या जाळीत ओढली जाऊन चिरडली जातात. एका समुद्रफुलाच्या अवशेषांनी संपूर्ण टाकी दूषित होऊ शकते. म्हणून ती पाळायची असल्यास बारीक जाळी किंवा स्पंजाचे आवरण असलेला पंप निवडतात. आवरणाने प्रवाह घटतो, ही बाब क्षमतेच्या हिशेबात धरावी लागते.

काही नियंत्रक पंप ठरावीक लयीत चालू-बंद करून टाकीत स्थिर लाट निर्माण करतात. ही लय टाकीच्या नैसर्गिक आवर्तकाळाशी जुळावी लागते. १२० सेंमी लांब व अर्धा मीटर खोल पाण्यात तो सुमारे १.३ सेकंद असतो. लय जुळली की लहान पंपानेही सारे पाणी हिंदकळते. तथापि त्यामुळे काचेच्या सिलिकॉनच्या सांध्यांवर आणि स्टँडवर वारंवार ताण येतो, म्हणून जुन्या टाकीत हा प्रयोग टाळणे इष्ट.

परतीचा पंप

परतीच्या पंपाचे काम पाणी उंच चढवणे हे आहे. शेतीपंपाप्रमाणे येथेही ‘हेड’ महत्त्वाचे असते: खोक्यावर छापलेला प्रवाह शून्य उंचीचा असतो आणि उंची वाढेल तसा तो घटत जाऊन कमाल हेडला शून्य होतो. कोपरे, अरुंद नळी व झडपा यांमुळे आणखी घट होते. त्यामुळे निर्मात्याने दिलेला आलेख पाहूनच निवड करावी लागते. टाकीच्या ३ ते ५ पट उलाढाल बहुधा पुरते. वरील उदाहरणात प्रत्यक्ष उंचीवर ताशी ७०० ते १,२०० लिटर.

वीज गेल्यावर हा पंप थांबतो आणि परतीच्या नळीतून पाणी उलटे सायफन होऊन खालच्या टाकीत येते. नळीचे तोंड पृष्ठभागाखाली ४ सेंमी असेल तर वरील मापाच्या टाकीतून सुमारे २४ लिटर पाणी खाली उतरेल. तेवढी जागा खालच्या टाकीत मोकळी नसेल तर ते जमिनीवर सांडते. नळीला पृष्ठभागालगत हवा शिरण्यासाठी भोक पाडले जाते, परंतु ते शैवालाने बुजते. केवळ त्यावर विसंबू नये.

वीज, उष्णता आणि सुरक्षितता

पाण्यात बुडालेल्या पंपाची जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेच्या रूपाने पाण्यातच उतरते. एकूण ६० वॉटचे पंप २४० लिटर पाणी तासाला सुमारे ०.२ अंश सेल्सियसने तापवू शकतात, अर्थात बाहेर उष्णता जात नाही असे धरल्यास. ही उष्णता केवळ बाष्पीभवनाने घालवायची तर दिवसाला सुमारे २ लिटर पाणी उडावे लागेल. कोकणातील दमट हवेत बाष्पीभवन मंद असते. त्यामुळे मुंबईसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात पंपांच्या वॉटचा प्रश्न थेट शीतकरण यंत्राच्या खर्चाशी जोडला जातो. ६० वॉट सतत चालवल्यास महिन्याला सुमारे ४३ युनिट वीज लागते.

प्रत्यावर्ती विजेवरील साधे पंप स्वस्त व टिकाऊ असतात, पण त्यांचा वेग विजेच्या वारंवारितेशी बांधलेला असतो. अमेरिकी बाजारासाठी ११० व्होल्ट व ६० हर्ट्झवर बनलेले पंप भारतातील २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ विजेवर थेट चालवता येत नाहीत. चौकोनी तरंग देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरवर असे पंप गुरगुरतात आणि तापतात. एकदिश विजेवरील पंपांचा वेग बदलता येतो, ते कमी वीज घेतात आणि पुष्कळसे १२ किंवा २४ व्होल्टवर चालत असल्याने बॅटरीला जोडता येतात.

भारनियमन किंवा वादळी पावसात वीज दीर्घकाळ गेल्यास दाट वस्तीच्या टाकीतील ऑक्सिजन काही तासांत घटून आधी मासे आणि मागोमाग प्रवाळ मरू लागतात. अशा वेळी बॅटरीवरील एक प्रवाह पंप मंद गतीने चालला, किंवा निदान बॅटरीवरचा हवापंप असला, तरी टाकी वाचते. दिवे व गाळणी तेवढा वेळ बंद राहिल्याने बिघडत नाही.

खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. सर्व पंप ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीमार्फत व अर्थिंग असलेल्या सॉकेटला जोडावेत, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकते. गोड्या पाण्यासाठीचे काही पंप धातूच्या आसाचे असतात. ते खाऱ्या पाण्यात गंजतात, आणि तांबे तर अत्यल्प प्रमाणातही अपृष्ठवंशी जीवांना विषारी ठरते. सिरॅमिक आस व राळेत बंद केलेली मोटर असलेलाच पंप घ्यावा. मोटर बाहेर असलेल्या पंपाच्या बाबतीत काचेची जाडी पंपाच्या मर्यादेत बसते की नाही हे खरेदीपूर्वी मोजावे लागते.

देखभाल

पंपाच्या पात्यांवर व रोटरच्या पोकळीत चुनखडीचा आणि गुलाबी-जांभळ्या चुनेदार शैवालाचा थर जमतो. प्रवाह हळूहळू घटत असल्याने तो लक्षात येत नाही. आवाज वाढतो तेव्हा उशीर झालेला असतो. दर दोन-तीन महिन्यांनी पंप सुटा करून पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक आम्लाच्या द्रावणात काही तास ठेवतात, मऊ ब्रशने घासतात आणि स्वच्छ धुऊन पुन्हा बसवतात. रोटर काढताना आस वाकडा ओढल्यास सिरॅमिक तुटते, म्हणून एक सुटा रोटर व आस घरात ठेवण्याची प्रथा आहे. दुर्मीळ कंपनीच्या पंपापेक्षा सुटे भाग सहज मिळणारा पंप सोयीचा, तो यामुळेच.

भारतातील कायदेशीर बाब

भित्ती बांधणारी कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे व समुद्रपंखे यांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान देण्यात आले. मालवणच्या किनाऱ्यासह भारताच्या कोणत्याही समुद्रातून ती गोळा करणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. वर वर्णन केलेल्या ॲक्रोपोरा व युफिलिया या जातीही कठीण प्रवाळांत मोडतात. त्यामुळे परदेशांतील पुस्तकांत दिलेले प्रवाहाचे आकडे भारतातील घरगुती टाकीला लावण्यापूर्वी त्या टाकीत कोणते जीव कायद्याने ठेवता येतात हे पाहावे लागते. केवळ समुद्री मासे व जिवंत खडक असलेल्या टाकीला याहून पुष्कळ कमी, साधारण १० पट उलाढालही पुरते.