नार्कोलेप्सी : मनोरुग्णांमध्ये आढळणारी फसवी रूपे

नार्कोलेप्सी : दिवसा अनावर झोप येणे हे मुख्य लक्षण असलेला मेंदूचा दीर्घकालीन विकार. फ्रेंच वैद्य झां-बाप्तीस्त जेलिनो यांनी १८८० मध्ये त्याला हे नाव दिले. त्याच्या पहिल्या प्रकारात हायपोथॅलॅमसमधील हायपोक्रेटिन (ओरेक्सिन) तयार करणाऱ्या चेतापेशी नष्ट होतात. त्यामुळे एरवी स्वप्नांच्या झोपेपुरती असणारी दृश्ये आणि स्नायूंची शिथिलता जागेपणीही डोके वर काढतात. हा विकार बहुधा किशोरवयात किंवा तरुणपणी सुरू होतो. स्किझोफ्रेनियाही साधारण त्याच सुमारास दिसू लागतो, म्हणून निदान चुकण्याचा धोका मोठा असतो.

भास : झोप लागताना किंवा जाग येताना खोलीत कोणी शिरल्याचे, अंगाला हात लावल्याचे, छातीवर बसल्याचे भास होतात. स्किझोफ्रेनियात मुख्यतः आवाज ऐकू येतात, तेही दिवसभरात केव्हाही. नार्कोलेप्सीत दृश्य, स्पर्श आणि आवाज अनेकदा एकत्र येतात. पूर्ण जाग आल्यावर ते खरे नव्हते हे बहुतेकांना उमगते. ज्यांना उमगत नाही, त्यांची गणना सहज मनोविकृतीत होते.

कॅटाप्लेक्सी : हसू किंवा आश्चर्यासारख्या भावनेसरशी स्नायूंतील बळ काही क्षण जाते, पण शुद्ध हरपत नाही. कधी नुसता जबडा सैल पडतो, मान झुकते. लहान मुलांत जीभ बाहेर येते. अशा झटक्यांवर अपस्माराचा किंवा मानसिक कारणांचा शिक्का बसतो.

औषधांचा परिणाम : अनेक नैराश्यरोधक औषधे कॅटाप्लेक्सी झाकून ठेवतात; ती एकाएकी थांबवल्यास झटके एकामागून एक येऊ शकतात. सततची पेंग मनोविकृतीवरील गोळ्यांमुळे आहे असे मानले की शोध तिथेच थांबतो.

निदान व उपचार : रात्रभराच्या निद्रा-तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी ठरावीक अंतराने डुलकीच्या चाचण्या घेतात. झोप लागण्यास सरासरी ८ मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ लागणे आणि किमान दोनदा थेट स्वप्नावस्था येणे ही महत्त्वाची खूण होय. नैराश्यरोधकांमुळे ही खूण पुसली जाऊ शकते. ती औषधे थांबवणे धोक्याचे असल्यास मेरुद्रवातील हायपोक्रेटिन मोजणे उपयुक्त ठरते. नार्कोलेप्सी आणि स्किझोफ्रेनिया हे दोन्ही विकार एकाच व्यक्तीत असू शकतात. नार्कोलेप्सीवरील उत्तेजक औषधांनी मनोविकृती बळावू शकते, म्हणून निद्रातज्ज्ञ व मनोविकारतज्ज्ञ यांनी मिळून उपचार ठरवावेत. भास नेमके केव्हा होतात, हसताना हातपाय गळतात का, दिवसाची झोप औषधांआधीपासून आहे का, हे तीन प्रश्न प्रत्येक रुग्णाला विचारलेच पाहिजेत. ते न विचारल्यास त्याच्यावर वर्षानुवर्षे भलत्याच आजाराचे उपचार होत राहू शकतात.