जुन्या छोट्या ट्रॅक्टरचा बाजार

द्राक्षबागेच्या दोन ओळींतून मोठा ट्रॅक्टर नेणे अवघड, म्हणून नाशिक-सांगलीकडे छोटा ट्रॅक्टर रुजला. मित्सुबिशीच्या सहकार्याने 1967 साली बंगळुरूत उभ्या राहिलेल्या व्हीएसटीचा साडेअठरा अश्वशक्तीचा ‘शक्ती’ बागायतदारांच्या परिचयाचा झाला. पुढे महिंद्राचा 15 अश्वशक्तीचा ‘युवराज 215’ आला.

जुन्या ट्रॅक्टरची विक्री आधी बैलबाजाराच्या वळणानेच चाले. बैलाचा भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरे. ट्रॅक्टरचा भाव उघड बोलला जाई, पण दलाल सुटला नाही. कधी गॅरेजचा मिस्त्रीच दलाली घेई. बैलाचे दात पाहावेत तसा तासांचा मीटर पाहिला जाई. तो बहुधा बंदच! मग टायर, क्लच आणि इंजिनाचा धूर यांवरून अंदाज.

2006 साली जुन्या वस्तूंच्या जाहिरातींचे संकेतस्थळ ओएलएक्स सुरू झाले. नंतर स्मार्टफोन गावोगाव पोचले, तशी शेतकऱ्याला परजिल्ह्यातली किंमतही दिसू लागली. घासाघीस गृहीत धरून जाहिरातीत आकडा चढाच लिहिला जातो. कागदांचे जोखड मात्र जुनेच: आरसी बुक, विमा, मालकी बदलण्यासाठी फॉर्म 29 व 30, कर्ज असल्यास बोजा उतरवण्यासाठी 35. नाव बदलले नाही, तर अपघाताची जबाबदारी नोंदीतल्या जुन्या मालकावर येऊ शकते.