फोर्डची जुनी गाडी आणि तिची घरगुती डागडुजी

जुनी मोटारगाडी विकत घ्यावी, घरच्या पडवींत तिचा सांगाडा मोकळा करावा आणि महिनोगणती खपून ती पुन्हा रस्त्यावर आणावी, हा छंद आतां जगांत चांगला रुळला आहे. अशा गाड्यांच्या शौकिनांची मंडळी इंग्लंडांत १९३० सालीं व अमेरिकेंत १९३५ सालीं स्थापन झाली. 'व्हिंटेज' हा मूळचा द्राक्षांच्या मद्याच्या व्यापारांतला शब्द. तो या गाड्यांस चिकटला तो विलायतेंतच. तेथील जाणते शौकीन १९१९ ते १९३० या काळांत बांधलेल्या गाड्यांपुरतेंच तें नांव वापरतात. त्याहून जुन्या गाड्यांस त्यांनीं वेगळीं नांवें ठेविलीं आहेत. आपल्याकडे मात्र म्हातारी झालेली कोणतीहि गाडी व्हिंटेजच! असो. या छंदाचें कौतुक पुष्कळ होतें. परंतु त्याच्या पोटांत इतिहासाचा एक प्रश्न दडलेला आहे, त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. गाडी 'पूर्ववत्' करावयाची म्हणजे नेमकी कोणत्या पूर्वीसारखी? फोर्डची 'मॉडेल टी' ही गाडी या प्रश्नास जितकी उघडपणें भिडते तितकी दुसरी कोणतीहि भिडत नाहीं, म्हणून तिच्याच उदाहरणानें आम्ही त्याचा विचार करणार आहों.

ही गाडी १९०८ च्या ऑक्टोबरांत विक्रीस आली आणि १९२७ च्या मे महिन्यांत तिचें उत्पादन थांबलें. या अवधींत सुमारें दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या. आरंभीं ८५० डॉलर असलेली किंमत १९२५ पर्यंत २६० डॉलरांवर उतरली. हायलंड पार्कच्या कारखान्यांत १९१३ सालीं सरकत्या रांगेवर जोडणी सुरू झाली आणि जो सांगाडा जोडण्यास साडेबारा तास लागत तो लवकरच ९३ मिनिटांत तयार होऊं लागला. ही हकीकत शाळकरी मुलांसहि ठाऊक आहे. तिच्या झगमगाटांत एक गोष्ट झांकली जाते ती ही, कीं कारखान्यापासून व मिस्त्रीपासून शेंकडों मैल दूर राहणाऱ्या माणसाला आपल्या हातांनीं नीट करतां यावी अशाच बेतानें ही गाडी घडविलेली होती.

तिची रचना पाहावी. चारहि सिलिंडर एका ओतींव ठोकळ्यांत, आणि त्यांचें झांकण वेगळें. पंधरा बोल्ट काढले कीं पिस्टन डोळ्यांसमोर येतात. सांचलेली काजळी खरवडून काढावी, झडपा घांसून बसवाव्या आणि झांकण पुन्हा आवळावें. पाणी फिरविण्यास पंप नाहीं. तापलेलें पाणी हलकें होऊन आपोआप वर चढतें व थंड झालेलें खालीं येतें, एवढ्यावर काम भागतें. पेट्रोललाहि पंप नाहीं. टाकी बैठकीखालीं, तेथून तें उतारानें एंजिनांत येतें. त्यामुळें टाकींत पेट्रोल कमी असतां उभा चढ आला तर गाडी उलटी फिरवून मागच्या मागें चढवावी लागे! वंगण किती उरलें हें पाहण्यास पट्टी नव्हती. मालकानें गाडीखालीं शिरून दोन लहान तोट्या उघडून पाहावें. कंपनीकडून गाडीबरोबर मिळणारें पुस्तकहि प्रश्नोत्तररूप होतें. मालकानें शंका विचारावी आणि छापील गुरुजींनीं उत्तर द्यावें, असा त्याचा थाट होता.

मालकांनीं हा इशारा पुरेपूर ओळखला. मागचें चाक उचलून त्यावर पट्टा चढवावा आणि लांकडें कापण्याची करवत किंवा दळण्याचें यंत्र चालवावें, हें अमेरिकेंतल्या शेतकऱ्यांस नित्याचें होतें. एंजिनाच्या पोटाशीं असलेलें लहानसें झांकण काढलें कीं दांड्यांचीं बेअरिंगें हाताशीं येत. झिजल्यामुळें तीं खडखडूं लागलीं कीं मधली पातळ चकती काढून तीं घट्ट करीत. भर रस्त्यांत बेअरिंग गेलें तर कमरेच्या चामडी पट्ट्याचा तुकडा आंत बसवून घर गांठल्याच्या गोष्टी आजहि सांगतात. गिअरांवरचे सुती पट्टे झिजले म्हणजे पेटीचें झांकण उघडून ते बदलावयाचे. आणि त्या वेळीं एखादा नट हातांतून सुटून पेटीच्या तळाशीं गेला नाहीं असा मालक विरळा! ई. बी. व्हाइट या प्रसिद्ध निबंधकारानें १९३६ सालीं 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकांत या गाडीस निरोप देणारा लेख लिहिला. त्यांतहि गाडी घरीं आणल्यानंतर टपालानें माल पाठविणाऱ्या पेढ्यांच्या यादींतून जिनसा मागवून ती सजविण्याचें व सुधारण्याचें वर्णन मोठ्या प्रेमानें केलेलें आहे. सारांश, कारखान्याच्या दारांतून निघालेली गाडी आणि दोन वर्षांनीं मालकाच्या छपरांत उभी असलेली गाडी या एक नव्हेत. पहिली एकसारखी, दुसरी ज्याची त्याची.

आतां आजच्या शौकिनाकडे वळूं. त्याच्या हातीं येतें तें बहुधा गंजलेलें धूड. पत्र्याच्या आंतला लांकडी सांचा कुजलेला, चाकांचे लांकडी आरे खिळखिळे, फ्लायव्हीलवरच्या सोळा लोहचुंबकांची शक्ति ओसरलेली. पत्रा ठोकून सरळ करावा, सांचा सुताराकडून किंवा स्वतः नवा घडवावा, चुंबकांत पुन्हा शक्ति भरावी. यांत कष्ट आहेत, पण वाद नाहीं. वाद उत्पन्न होतो तो मागच्या धुऱ्यापाशीं. तेथील दाब सोसणाऱ्या चकत्या फोर्डनें बॅबिट नांवाच्या मऊ पांढऱ्या धातूच्या घातल्या होत्या. काळानें हा धातु ठिसूळ होतो आणि त्याचा चुरा होतो. चकती फुटली कीं दांतेरी चाकें एकमेकांपासून सुटतात. आणि पायानें दाबावयाचा ब्रेक चाकांवर नसून गिअरपेटींत असल्यामुळें त्याचा चाकांशीं असलेला संबंधच तुटतो. उतारावर हें घडलें तर हातानें ओढावयाच्या दुबळ्या ब्रेकावर भिस्त! म्हणून जाणता मनुष्य धुरा उघडून जुन्या चकत्या फेंकतो व कांशाच्या घालतो. ही गोष्ट मूळ रचनेशीं इमान राखणारी नव्हे. पण ती न करणाऱ्याला इतिहासप्रेमी म्हणण्यास आम्ही तयार नाहीं, कारण त्याच्या गाडींत त्याचीं मुलें बसावयाचीं असतात.

याच्या उलट, जेथें कसलाहि धोका नाहीं तेथें शौकीन मंडळी इतिहासाचा खुशाल बळी देतात. या गाडीच्या काळ्या रंगावरचा विनोद सर्वतोमुखी आहे; पण पहिल्या पांच वर्षांत यादींत काळा रंग नव्हताच, तांबडा, करडा, हिरवा, गर्द निळा असे रंग होते. केवळ काळ्याचें राज्य १९१४ पासून १९२५ पर्यंत. पितळी रेडिएटर १९१६ बरोबर संपला. तरी १९२० च्या गाडीस लखलखीत पितळ चढविणारे भेटतातच. यापेक्षां मोठा अपराध मात्र अभ्यासू लोकांच्या हातून होतो. ते यादी पुढें ठेवून गाडी कारखान्यांतून निघाली तशी तंतोतंत करतात; आणि त्यासाठीं पहिल्या मालकानें बसविलेली पेटी, त्यानें लोखंडी पट्टी ठोकून सांधलेली चौकट, घरीं चढविलेला रंगाचा हात, हें सारें काढून टाकतात. सुटे भाग नव्यानें आजहि बनतात. तेव्हां मनांत आणल्यास जवळ जवळ अख्खी गाडी नवीच उभी करतां येते. मौज अशी कीं, कायद्यानें गाडीची ओळख बहुतेक काळ एंजिनावर ठोकलेल्या आंकड्यावरच अवलंबून होती, आणि बदलीसाठीं लागणारीं एंजिनें फोर्ड कंपनी १९४१ पर्यंत बनवीत होती. मग एंजिन बदललेली गाडी जुनी कीं नवी?

आमच्या मतें जी स्थिति गाडीनें विक्रेत्याच्या दारांत फार तर दोन-चार आठवडे भोगली, तिलाच 'मूळ' म्हणणें हा इतिहासाचा विपर्यास आहे. ज्या यंत्राचा जन्मच मालकाच्या हातून बदलून घेण्यासाठीं झाला, त्याच्या अंगावरची ठिगळें हाच त्याचा दप्तरखाना होय. हा विचार अगदींच एकाकी नाहीं. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२-१३ सालीं मान्य केलेल्या ट्यूरिनच्या सनदेंत जुन्या इमारतींविषयींच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचें तत्त्व गाड्यांस लावलें आहे आणि नवें करण्यापेक्षां असलेलें राखण्यावर भर दिला आहे.

आपल्या देशांत या प्रश्नास निराळें वळण आहे. ब्रिटन वगळून उरलेल्या साम्राज्यांत फोर्ड गाड्या पुरविण्याचा हक्क कॅनडांतील फोर्ड कंपनीकडे होता. त्यामुळें मुंबई बंदरांत उतरणारी मॉडेल टी बहुधा कॅनडांत बांधलेली व उजव्या हाताच्या सुकाणूची असे. अमेरिकन यादी पुढें ठेवून ती 'शुद्ध' करूं जाणारा पहिल्याच पायरीवर चुकतो. शिवाय येथें मालक पाना हातीं धरणारा क्वचितच. गाडी जगविली ती मिस्त्रीनें. आगबोटीनें येणाऱ्या भागाची वाट न पाहतां त्यानें लेथवर बूच कातलें, लोहाराकडून कमानीची पाती करून घेतली. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठीं केंद्र सरकारनें २०२१ सालीं जे नियम केले त्यांत वाहन मूळ स्वरूपांत असावें व त्यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे, आणि असें वाहन रोजच्या वापरास नेण्याची मनाई आहे. सांगाडा व एंजिन यांपुरती ही अट योग्यच. पण तिचा धाक घेऊन कोणी मिस्त्रीनें कातलेलें बूच भंगारांत टाकील, तर त्या गाडीवर आपल्या माणसांच्या हाताची जी एकुलती खूण राहिली आहे तीच जाईल. बूच काढणें भागच असेल तर तें चिठ्ठी बांधून बैठकीखालच्या पेटींत ठेवावें. तेथें जागा पुष्कळ असते.