भाकर, कुत्रा आणि मांजर

बाभुळगाव हा यवतमाळ जिल्ह्यातला कापसाचा तालुका. अशा गावांत घरचा कुत्रा वाढतो तो उरलेल्या भाकरीवर आणि मांजर दुधात कुस्करलेल्या भाकरीवर. एवढ्याने त्यांचे पोषण होते का? या साध्या प्रश्नाचा माणसांच्या एका रोगाशी जवळचा संबंध आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात मका खाणाऱ्या गरिबांत पेलाग्रा पसरला होता. त्यात कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात, शेवटी वेड लागते. त्याच भागातली कुत्री जीभ काळी पडून मरत. दोन्ही रोगांचे मूळ निकृष्ट आहारात आहे, असे जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९२० च्या दशकात दाखवले. १९३७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनराड एल्व्हेजेम यांनी निकोटिनिक आम्ल देऊन अशी कुत्री बरी केली. लवकरच माणसेही त्याने बरी होऊ लागली.

पेलाग्रा आपल्या दख्खनच्या पठारावरही होता. पण येथले खाणे ज्वारीचे. शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून निकोटिनिक आम्ल बनवते. मक्यात ट्रिप्टोफॅन फार कमी असते, ज्वारीत तितके कमी नसते. मग रोग का व्हावा? हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतील सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या जादा ल्युसिनवर बोट ठेवले. पुढे तेथे ल्युसिन जास्त दिलेल्या कुत्र्याच्या पिलांना काळ्या जिभेचा रोग झाला. इतर प्रयोगशाळांत मात्र तसे आढळले नाही आणि ल्युसिनचा वाद राहिला. पण निव्वळ ज्वारीवर ना मजूर निरोगी राहतो, ना कुत्रा, याबद्दल वाद नाही.

तरी कुत्र्याला भाकर पचते. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात बऱ्याच जास्त असतात, असे स्वीडनमधील संशोधकांना २०१३ मध्ये आढळले. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे काढल्याचा हा परिणाम असावा.

मांजर मात्र शिकारीच राहिले. ट्रिप्टोफॅनपासून पुरेसे निकोटिनिक आम्ल त्याला बनवता येत नाही आणि टॉरीनही नाही. टॉरीन मिळते ते मांस-मासळीतून. ते कमी पडल्यास मांजराच्या डोळ्यांतला पडदा झिजतो, हे १९७५ मध्ये कळले. हृदयाचे स्नायूही दुबळे होतात आणि टॉरीन दिल्यावर सुधारतात, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात पॉल पायन यांनी दाखवले. ती मांजरे बाजारातले तयार खाद्य खात होती! विकत आणले म्हणजे ते पूर्ण अन्न असतेच असे नाही.

तेव्हा कुत्र्याच्या भाकरीला वरण, अंडे किंवा थोडे मांस यांची जोड द्यावी. मांजराचे मुख्य अन्न मांस, मासळी, अंडे हेच. कांदा-लसूण दोघांनाही घातक. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून कुत्र्यासाठी वरण फोडणीआधीच काढून ठेवावे.

मुलांना घरच्या कुत्र्या-मांजराचे आठवड्याचे खाणे लिहून आणायला सांगावे, आणि शेजारी स्वतःचेही. नुसत्या भाकरीवर कोणाचे भागते, हा प्रश्न मग मुलेच विचारतील.