आधी वसतिगृह, मग कॉलेज

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या मुलांना आज पदवीसाठी मुंबई गाठावी लागत नाही. शहापुरात सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आहे, मुरबाड तालुक्यात शिवळ्याला शांतारामभाऊ घोलप यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. मुलाला प्रवेश मिळाला की आपण पेढे वाटतो. पुढची तीन वर्षं तो कुणाच्या आधारावर काढणार, हे मात्र क्वचितच विचारतो. आपल्या आधीच्या पिढ्यांनी हाच प्रश्न पहिला विचारला होता.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. त्याआधीच, १८५४ मध्ये, रेल्वे कल्याणपर्यंत आली होती. राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाचं ग्रंथालय १८७८ साली उभं राहिलं. १८९२ पासून शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचं पाणी मुंबईला जाऊ लागलं. इथलं पाणी मुंबईला पोचलं, पण इथल्या गरिबाचा मुलगा त्या ग्रंथालयापर्यंत पोचणं फार अवघड होतं. फी हा अडथळा होताच. त्याहून मोठा अडथळा होता तो राहायचं कुठं आणि जेवायचं काय, हा.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हे नेमकं ओळखलं. १९०१ मध्ये त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली. १९०६ साली मुस्लिम पुढाऱ्यांना एकत्र करून त्यांनी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि तिचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. राजानं आपल्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी अशी अंगावर घेतली, ही आठवण महाराष्ट्रातल्या मुसलमानांनी जपायला हवी.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहत, एकाच पंगतीत जेवत. मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते १९४७ साली. म्हणजे वसतिगृह आधी आणि कॉलेज तेवीस वर्षांनी! तिथंही ‘कमवा आणि शिका’ हीच रीत होती. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. तिथले वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावं. छप्पर, जेवण आणि वेळ या तीन गोष्टींची सोय झाल्याशिवाय गरीब शिकत नाही, हे या माणसांना कळलं होतं.

आपल्या तालुक्यांत हा क्रम उलटा झाला. कॉलेज आलं, आधार मागे राहिला. मुरबाडला अजून रेल्वे नाही. शहापूरला आसनगाव स्टेशन आहे, पण गावापासून स्टेशन किंवा कॉलेज गाठायला पुन्हा एसटी किंवा जीपच. परतीची शेवटची गाडी सुटेल म्हणून जो दुपारीच निघतो, त्याला ग्रंथालय उघडं असून काय उपयोग? मुलींचं शिक्षण तर अनेकदा या गाडीच्या वेळेवरच अडतं. आदिवासी मुलांसाठी शासकीय वसतिगृहं आहेत, शहापूरला प्रकल्प कार्यालय आहे. पण सगळ्यांनाच जागा मिळत नाही. तिथं न बसणाऱ्या गरीब मुलांनी कुठं जायचं?

सच्चर समितीनं २००६ मध्ये दाखवून दिलं की वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवी किंवा पदविका घेतलेले चार टक्क्यांहूनही कमी आहेत. त्यानंतर अल्पसंख्याकांसाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अकराव्या योजनेत मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीच्या जादा वर्गांत अल्पसंख्याकांचाही समावेश झाला. पण सरकारी योजना कायमची नसते. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली. शिवाय घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्याला नोटीस बोर्डावरची भाषा कळत नाही. उत्पन्नाचा दाखला वेळेत निघत नाही, आणि अर्जाची तारीख टळून जाते. ग्रंथालयातून पुस्तकांचा संच वर्षभरासाठी मिळू शकतो, जादा वर्गाची मागणी करता येते, अवघड विषय सरांना पुन्हा विचारता येतो, हे त्याला सांगणारं घरी कुणी नसतं.

हे सांगायला मात्र सरकार लागत नाही. प्रत्येक जमातीत आता दोन-चार पदवीधर आहेत. जूनमध्ये त्यांनी आठवडाभर बसून मुलांचे अर्ज भरून द्यावेत. मदरशाची खोली संध्याकाळी रिकामी असते. तिथं दिवा, पंखा आणि चार टेबलं ठेवली की अभ्यासिका होते. तालुक्याच्या गावी चार घरांनी मिळून एक खोली भाड्यानं घेतली, तर दूरच्या पाड्यांवरच्या मुलांची सोय होते. आणि दार उघडं ठेवायचं ते सगळ्यांसाठी: कातकरी, ठाकूर, कुणबी, आगरी, जो येईल त्याच्यासाठी. शाहू महाराजांनी आपल्यासाठी दार उघडताना धर्म विचारला होता, तो कुणी वगळलं जाऊ नये म्हणून. त्या उपकाराची फेड एवढीच की आपल्याही दारातून कुणी परत जाता कामा नये.