अंतःकरणाचे रक्षण (ख्रिस्ती संकल्पना)

अंतःकरणाचे रक्षण ही ख्रिस्ती नीतिविचारातील एक प्राचीन संकल्पना होय. माणसाचे आचरण त्याच्या अंतःकरणातून उगम पावते, म्हणून विचार, इच्छा व हेतू यांविषयी जागरूक राहिल्याशिवाय सदाचरण टिकत नाही, असा तिचा आशय आहे. बायबलच्या जुन्या करारातील नीतिसूत्रे ४:२३ हे वचन तिचा मूळ आधार मानले जाते.

== शब्द व अर्थ ==
या वचनातील ‘लेव’ या हिब्रू शब्दाचा शब्दशः अर्थ ‘हृदय’ असला, तरी त्यात केवळ भावना नव्हे, तर बुद्धी, स्मरण आणि संकल्पही अंतर्भूत आहेत. मराठी बायबलमध्ये संदर्भानुसार हृदय, मन, अंतःकरण असे शब्द येतात. वेदान्तात मन, बुद्धी, चित्त व अहंकार मिळून अंतःकरण मानतात. त्यामुळे ‘लेव’ची व्याप्ती ‘हृदय’पेक्षा ‘अंतःकरण’ या शब्दात अधिक सामावते, असे म्हणता येईल.

नव्या करारात मार्क ७:१–२३ हा उतारा या संदर्भात महत्त्वाचा आहे. हात न धुता जेवण्यावरून निघालेल्या वादात, बाहेरून पोटात जाणारे अन्न माणसाला विटाळवीत नाही, तर अंतःकरणातून निघणारे दुष्ट विचार विटाळवितात, अशी भूमिका येशू घेतो.

== साधना ==
चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांनी या उपदेशाला साधनेचे रूप दिले. इव्हाग्रियस (मृत्यू ३९९) याने साधकाला ग्रासणारे आठ कुविचार सांगितले. पुढे पोप पहिला ग्रेगरी याने त्यांची फेरमांडणी केली व त्यातून सात महापातकांची यादी रूढ झाली. पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेत अशा सावधतेला ‘नेप्सिस’ म्हणतात. सोळाव्या शतकात इग्नाशियस लोयोला याने दररोजच्या आत्मपरीक्षणाची पद्धत घालून दिली.

== महाराष्ट्रातील संदर्भ ==
सोवळे-ओवळे व जातिभेद यांनी जीवन बांधलेल्या समाजात बाह्य शुद्धी आणि अंतःशुद्धी यांतील हा भेद केवळ तात्त्विक राहिला नाही. नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांचे चरित्र याचे ठळक उदाहरण आहे. त्यांचे वडील अत्यंत कडक सोवळे पाळीत. पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई लहान मुलासह नातेवाइकांकडे राहिल्या. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, पण धर्मांतर न करता आणि आपले सोवळे सांभाळून.

पुढचा बदल वादविवादात हरल्यामुळे झाला नाही. जातिभेद ईश्वराने निर्माण केलेला नसून माणसाने केला आहे, हा विचार त्यांना स्वतःला पटला व त्यांनी सर्वांच्या हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० मध्ये राहुरी येथे घेतला. आधी अंतःकरण, मग आचार आणि शेवटी विधी असा हा क्रम आहे. एकाच घरात दोन धर्म नांदत असताना टिळकांनी पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही, ही बाबही तितकीच लक्षणीय आहे.

अंतःकरणातील श्रद्धा आणि चर्चचे बाह्य सदस्यत्व यांच्या संबंधाचा प्रश्न टिळकांनाही सुटला नव्हता. १९१७ मध्ये त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले. त्यांचे अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाले. त्यात स्वतःच्या रागालोभाची, हट्टाची व पूर्वग्रहांची नोंद त्यांनी विनोदाने आणि आडपडदा न ठेवता केली आहे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.