एक बेट, दोन देश : जंगल मोजायचे कसे?

कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावर दोन देश आहेत. पश्चिमेचा एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग हैतीचा, उरलेला डोमिनिकन प्रजासत्ताकाचा. सीमेवरील एका पट्ट्याचे आकाशातून घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. एकीकडे उघडे तपकिरी डोंगर, तर दुसरीकडे दाट हिरवे रान. ‘हैतीत केवळ २ टक्के जंगल उरले’ हे वाक्यही अनेक ठिकाणी वाचायला मिळते. हा फरक कसा पडला ते आपण आधी पाहू.

काही वाटा निसर्गाचा आहे. पाऊस आणणारे वारे पूर्वेकडून येतात. मधल्या उंच डोंगरांमुळे हैतीचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो. शिवाय हैती अधिक डोंगराळ आहे.

बाकी वाटा इतिहासाचा. १६९७ मध्ये पश्चिम भाग फ्रान्सकडे गेला. पुढे तेथे गुलामांच्या श्रमावर ऊस आणि कॉफीचे मळे उभे राहिले. १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. पण १८२५ मध्ये फ्रान्सने त्याच्यावर १५ कोटी फ्रँकची ‘नुकसानभरपाई’ लादली. १८३८ मध्ये ती ९ कोटींवर आली, तरी कर्जाचा बोजा पिढ्यान्‌पिढ्या राहिला. लोकसंख्या वाढत गेली, शेते लहान होत गेली आणि स्वयंपाकाला लाकडी कोळसा हेच मुख्य इंधन राहिले.

शेजारच्या देशातही कुऱ्हाड थांबलेली नव्हती. तिथे १९६७ मध्ये बालागेर सरकारने लाकूड-गिरण्या बंद केल्या आणि जंगलांवर लष्कराचा पहारा बसवला. पुढे स्वयंपाकाच्या गॅसला सवलत मिळाली, त्यामुळे कोळशाची गरज घटली. झाडे वाचली, पण जंगलात राहणाऱ्या गरीब शेतकऱ्यांना घरे सोडावी लागली, हेही विसरता कामा नये.

आता त्या २ टक्क्यांकडे वळू. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रहचित्रांच्या अभ्यासात हैतीच्या सुमारे ३० टक्के जमिनीवर वृक्षाच्छादन दिसले. राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या आढाव्यात हैतीत सुमारे १३ टक्के, तर डोमिनिकन प्रजासत्ताकात सुमारे ४४ टक्के जंगल आहे. २०१८ च्या आणखी एका अभ्यासानुसार, माणसाचा हात न लागलेले मूळ जंगल हैतीत १ टक्क्याहूनही कमी उरले आहे.

मग खरे कोणते? या तिन्ही अभ्यासांनी मोजलेली वस्तूच वेगळी आहे. कृषी संघटनेच्या व्याख्येत जंगल म्हणजे अर्ध्या हेक्टरहून मोठी जमीन, ५ मीटरहून उंच झाडे आणि १० टक्क्यांहून अधिक छत्र. फळबागा त्यात धरत नाहीत. उपग्रहाला मात्र बांधावरचा आंबाही झाडच दिसतो. म्हणून एका देशाचे मूळ जंगल आणि दुसऱ्याचे सारे वृक्षाच्छादन शेजारी मांडले, तर ती तुलनाच नव्हे.

व्याख्येचा हा घोळ केवळ आम्हा संशोधकांपुरता नाही. ‘सगळे संपले’ असे धरले, की हैतीच्या शेतकऱ्याने जपलेली झाडे हिशेबातून गळतात. ‘३० टक्के आहे’ म्हणून निश्चिंत राहिलो, तर उरलेसुरले मूळ जंगल आणि तिथेच जगणारे जीव नजरेआड होतात.

वर्गात एक प्रयोग करता येईल. शाळेभोवतालच्या परिसराचा नकाशा मुलांना द्यावा. एका गटाने प्रत्येक झाड धरावे, दुसऱ्याने वरची व्याख्या लावावी. दोन उत्तरे आली, की कोणतेही टक्के वाचताना विचारायचा प्रश्न मुलांना आपोआप सुचेल : नेमके काय मोजले?